कामठी की वायुसेनानगर?

अग्निवीर व्हायचं, पण लष्करात की वायुदलात? नागपूरच्या पोरांना दोन्ही घराजवळच दिसतात: कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. (म्हणून पोस्टिंग इथंच मिळेल, असं समजू नका.) पहिल्या वर्षी दोन्हीकडे महिना ३०,०००, मुदत ४ वर्षं, पुढे फार तर २५ टक्के जण कायम.

खरी गोम पात्रतेत आहे. लष्करात जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाला, दहावी ४५ टक्क्यांनी भागतं, पण १.६ किलोमीटरची धाव घाम काढते. वायुदलात तेवढ्याच धावेला मुलांना ७ मिनिटं मिळतात. तिथं अडतं ते बारावीच्या ५० टक्क्यांवर, त्यातही इंग्रजीच्या. इंग्रजी बरं असेल, तर माझं मत वायुदलाला. पाय दमदार आणि पुस्तकाचा कंटाळा असेल, तर सरळ लष्कर; लेखी परीक्षा मात्र तिथंही चुकत नाही.