आंबा घाटात १० महिने: ब्रेकचं ग्रीस बदलल्यावरचा अनुभव

माझी गाडी १० टायरची, २८ टन पासिंगची, म्हणजे मालासकट तेवढ्या वजनाची परवानगी असलेली. कोल्हापूरहून साखर नाहीतर सिमेंट भरून आंबा घाटाने रत्नागिरी, येताना जांभ्याचा चिरा, म्हणजे बांधकामाचा लाल दगड. भरलेली गाडी घाट उतरते आणि भरलेलीच चढते. गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीसची १८ किलोची बादली आणली. थोरल्या भावाची गाडीही त्याच बादलीवर आहे. १० महिने झाले, माझ्या मीटरवर ४१ हजार किलोमीटर पडले. एक अख्खा पावसाळा त्यात गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच दर्जाचं ग्रीस तीन-चार कंपन्यांचं मिळतं. बादलीवर लिथियम कॉम्प्लेक्स आणि एनएलजीआय २ (ग्रीस किती घट्ट आहे त्याचा आकडा) लिहिलेलं पाहा, आणि त्यात मॉलिब्डेनम, म्हणजे आपण ज्याला काळं ग्रीस म्हणतो ते, नाही याची खात्री करा. लाल, निळा, हिरवा रंग बघून घेऊ नका, तो नुसता रंग घातलेला असतो. साधं लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळायला लागतं, कॉम्प्लेक्स २६० च्या पुढे तग धरतं. भरलेल्या गाडीच्या ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, घाटात किती तापतो हे ज्याने एकदा जवळून वास घेतलाय त्याला हा फरक सांगावा लागणार नाही.

आधी काय चाललं होतं ते सांगतो. ग्रीसिंगचं काम मी एका गॅरेजवर सोडलं होतं. महिन्यातून एकदा गाडी उभी करायची, पोरगा सगळ्या निप्पलना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांना, ग्रीसगन लावायचा, मी चहा पिऊन पैसे देऊन निघायचो. गेल्या मेच्या अखेरीस आंब्यावरून साखरप्याकडे उतरताना गाडी डावीकडे ओढायला लागली. पहिल्यांदा वाटलं टायरची हवा. मग एका वळणावर पाय दाबला आणि ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागला. किती उशिरा? श्वास अडकेल इतका. दुसऱ्या गिअरवर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) धरून, गाडी खाली आणली आणि चाकाखाली उटी, म्हणजे अडकण, लावून तासभर तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडे मागची चाकं काढली. उजव्या बाजूचा ड्रम निघाला तेव्हा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर, ओल्या पाटीसारखा काळा चमकत होता. बोट फिरवलं तर बोटाला ग्रीस. ब्रेक लावायला फिरतो तो दांडा म्हणजे कॅम, त्याच्या नळीतलं सील उलटं बसवलेलं होतं. त्यामुळे दर महिन्याला बुशला (कॅम ज्यात फिरतो त्या कड्याला) दिलेलं ग्रीस स्लॅकच्या, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या तरफेच्या, बाजूने बाहेर न पडता कॅमच्या डोक्याकडून आत, थेट लायनरवर जात होतं. म्हणजे मी पैसे देऊन दर महिन्याला स्वतःच्या ब्रेकवर ग्रीस चढवत होतो. असं भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा शेकून चालत नाही, मुरलेलं ग्रीस तापलं की पुन्हा वर येतं. बदलायचं, आणि त्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंचं बदलायचं, नाहीतर गाडी ओढायची थांबत नाही.

दुसरा दोष ऑटो स्लॅकमध्ये निघाला. ब्रेक मारल्यावर हवेच्या दाबाने बूस्टरचा दांडा स्लॅकला ढकलतो, स्लॅक कॅम फिरवतो आणि कॅमचं इंग्रजी एससारखं डोकं लायनर बसवलेले दोन्ही शू फाकवून ड्रमला टेकवतं. लायनर झिजला की तेवढं अंतर ऑटो स्लॅकने आपोआप भरून काढायचं असतं. ते काम त्याच्या आतला क्लच पकड घेऊन करतो. आमच्या स्लॅकमध्ये काळं ग्रीस भरलेलं होतं. मॉलिब्डेनमचा गुणच घसरवण्याचा, त्यामुळे क्लच पकडच घेईना. स्लॅक बनवणाऱ्या कंपन्या हे ग्रीस वापरू नका असं लिहून देतात, पण तो कागद गॅरेजपर्यंत पोचत नाही. माझ्या मागच्या डाव्या चाकाचा दांडा ३८ मिलिमीटर बाहेर येत होता आणि उजव्याचा ५५. दांडा जितका जास्त बाहेर, तितका ब्रेक उशिरा. त्यात उजवा लायनर ग्रीसने भिजलेला. गाडी डावीकडे का ओढत होती ते तिथे कळलं.

नवे स्लॅक, बुश, सील, लायनर बसवले आणि तिथून हे ग्रीस सुरू केलं.

पहिल्याच महिन्यात एक चूक माझ्याकडून झाली. पुढच्या धुऱ्याचे बुश चांगले होते म्हणून ते न उघडता जुन्या ग्रीसवरच नवं चढवलं. आधीचं कुठल्या जातीचं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. १५ दिवसांत तिथून ताकासारखं पातळ ओघळायला लागलं. दोन ग्रीसची घडण एकमेकांना मानवली नाही की असं होतं, दोन्ही चांगली असली तरी. बुश उतरवून, पुसून, कोरडे करून पुन्हा भरले, त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. ग्रीस बदलणार असाल तर जुनं पूर्ण काढा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

माझ्या गाडीला ब्रेकचे मिळून १८ निप्पल आहेत. आता गन मी स्वतः मारतो. आधी निप्पल चिंधीने पुसायचं, कारण चिऱ्याची लाल धूळ तोंडावर बसलेली असते आणि गन मारली की तीच आत जाते. स्लॅकला हळूहळू दाब द्यायचा, जुनं काळपट ग्रीस बाहेर येऊन नव्याचा रंग दिसेपर्यंत. कॅमच्या बुशला देताना डोळा स्लॅकच्या बाजूला ठेवायचा. ग्रीस तिथून बाहेर आलं तर बरोबर. तिथून येत नसेल आणि गन मात्र ग्रीस घेतच असेल तर थांबायचं आणि चाक उघडायचं. शूच्या टोकाला रोलर असतो, त्याच्या पिनेला ग्रीस लागतं, पण रोलर जिथे कॅमवर टेकतो तिथे अजिबात नाही. रोलरने तिथे फिरायचं असतं. ग्रीस लागलं की तो फिरायचा सोडून घसरतो आणि एका बाजूने सपाट होतो. मिस्त्रींनी मला जुना रोलर हातात दिला तेव्हा त्याची एक कड नाण्यासारखी चपटी झालेली होती.

पावसाळ्यात हे ग्रीस खरं उतरलं. जुलैमध्ये आंब्यात रस्त्यावरून पाणी वाहत असतं आणि चिऱ्याची माती धुऱ्याच्या हाउसिंगवर लालभडक लिंपली जाते. पूर्वी त्या दिवसांत ब्रेक सोडल्यावर एखादं चाक अडकून राहायचं, तापायचं. गेल्या पावसाळ्यात तसं एकदाही झालं नाही. पाण्यासाठी मी अंतर महिन्यावरून १५ दिवसांवर आणलं होतं. गाडी सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतली की त्याच दिवशी गन, कारण ते पाणी सीलच्या आत शिरतं. आणि रोज रात्री हवेच्या टाक्यांचं पाणी सोडतो. ते साचलं तर व्हॉल्व्ह गंजतात, मग बाहेरून कितीही ग्रीस द्या.

महिन्यातून एकदा भाऊ केबिनमध्ये बसतो आणि मी खाली. चाकांना उटी, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद, हवा साडेसहा बारच्या आसपास. दांड्यावर खडूने खूण करायची, भावाने ब्रेक दाबायचा, खूण किती पुढे गेली ते पट्टीने मोजायचं. सहाही चाकांचे आकडे वहीत. १० महिन्यांत मागचे आकडे ३६ ते ४० च्या बाहेर गेले नाहीत. हे ड्रम गार असतानाच करायचं. तापलेला ड्रम पसरतो, शूपासून लांब जातो आणि दांडा जास्त बाहेर येतो. गार असताना काठावर असलेला ब्रेक घाटाच्या मध्यावर हात वर करतो तो यामुळेच. आणि ऑटो स्लॅकचा आकडा वाढला तर पाना लावून ओढून घेऊ नका. चार दिवस बरं वाटतं, पण आतला दोष तसाच राहतो. बुश, पिन, स्लॅक यात खोट कुठे आहे ते शोधावंच लागतं. पार्किंगच्या बूस्टरला मात्र आपण हात लावायचा नाही, आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेईल एवढ्या ताकदीची असते.

ग्रीसबद्दल तक्रारी दोन. साध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट महाग पडतं. आणि बादलीचं झाकण एकदा उघडलं की नीट बसत नाही. चिऱ्याच्या खाणीवर वाऱ्याने धूळ आत गेली आणि वरचा चार बोटं थर मला काढून टाकावा लागला. आता झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवतो आणि बादली केबिनमध्ये ठेवतो.

लायनरचं सांगायचं तर मागच्या दोन्ही धुऱ्यांवर डावं-उजवं सारखं झिजतंय, हे मला सगळ्यात जास्त समाधान देतं. पूर्वी एका बाजूचं रिव्हेटला टेकायचं तेव्हा दुसरं अर्धं शिल्लक असायचं. बादलीत अजून वीतभर ग्रीस आहे, पावसाळ्यापर्यंत पुरेल. परवा मोजताना पुढच्या उजव्या चाकाचा कॅम हाताने हलवला तर किंचित खेळ लागला. बुश आणि सीलचा संच आणून ठेवलाय, रविवारी गाडी रिकामी असताना चाक उघडणार आहे.