२० रुपयांची १०० कोरी नाणी: पाकीट बंदच ठेवावं की नळीत भरावं?

बँकेतून मिळालेलं सीलबंद पाकीट आधी वजनकाट्यावर ठेवा. एक नाणं ८.५४ ग्रॅमचं, म्हणजे शंभरांचे ८५४. काटा त्याखाली उतरला तर एखादं नाणं कमी असू शकतं. सालाखालची टांकसाळीची खूण प्लास्टिकमधूनच वाचता येते: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. फोडायची गरजच नाही, आणि एकदा फोडलं की ती नुसती सुटी नाणी.

बंद पाकिटाचं दुखणं पावसाळ्यात कळतं. पणजीची दमट, खारी हवा शिवणीतल्या बारीक भोकातून आत जाते नि तिथेच मुरते. मधल्या पिवळ्या भागावर तपकिरी ठिपके उमटतात. म्हणून पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे, रंग बदलणारे दाणे. जूनपासून चवथीपर्यंत दर पंधरवड्याला दाण्यांचा रंग बघा, बदलला की वाळवा.

नाणी एकावर एक रचून ठेवायची नळी घ्यायची ती कडक प्लास्टिकची, २७ मिमीची. मऊ पीव्हीसी प्लास्टिक नकोच, त्याने नाण्यांवर हिरवा चिकट थर धरतो. शिवाय नळीत भरताना ओरखडे पडतात, घामाचे ठसे उठतात, हातमोजे हवेतच.

शिवण उसवली किंवा आत ओल दिसली, तरच नळी.