पक्षी दूर बसतो तेव्हा : फुल फ्रेम की मायक्रो फोर थर्ड्स?

पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यावा की मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरचा), असे विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. प्रकाश टिपणारा सेन्सर जितका मोठा तितकी प्रतिमा चांगली. मग खिशाला परवडत असेल तर लहानाकडे वळायचेच कशाला? हे सूत्र चुकीचे नाही, मात्र पक्ष्याने चौकट भरली पाहिजे ही त्याची अट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरले आहेत आणि त्यांपैकी एक विकून टाकला आहे. त्यामुळे पुढचे विवेचन कोठे एका बाजूला कललेले वाटले, तर वाचकाने तेवढी वजावट जरूर करावी.

आधी मोठ्याचे श्रेय मोठ्याला. कर्नाटकातल्या दांडेलीजवळच्या गणेशगुडीसारख्या ठिकाणी, जिथे आडोशामागे बसल्यावर पक्षी काही फुटांवर पाणी प्यायला येतात आणि झाडांच्या दाट सावलीमुळे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 6400 च्या खाली उतरता येत नाही, तिथे फुल फ्रेमशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पार्श्वभूमीचा काळसर हिरवा रंग सलग आणि मऊ राहतो, पिसांचा पोत दाण्यांत (नॉइजमध्ये) हरवत नाही, आणि सावलीतला भाग नंतर उजळला तरी त्यात जांभळट डाग उमटत नाहीत. रायगडात पावसाळ्यात दिसणाऱ्या तिबोटी खंड्याबाबतही हेच म्हणता येईल (त्याच्या घरट्याजवळ कॅमेरा घेऊन ठाण मांडू नये, हे मात्र दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांना सारखेच लागू आहे). क्षेत्रफळात जवळजवळ चौपट असलेला सेन्सर समान चौकटीत आणि समान अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) साधारण दोन स्टॉपचा, म्हणजे सुमारे चौपट प्रकाशाचा, फायदा देतो, आणि तो डोळ्यांना दिसतो.

माझे बरेचसे छायाचित्रण मात्र भिगवणला, उजनीच्या पाण्यावर होते, आणि तिथे हे गणित बदलते. कुंभारगावच्या बाजूने नाव आत गेली तरी रोहित पक्ष्यांचा थवा एका ठरावीक अंतरापलीकडे जवळ येऊ देत नाही, आणि समंजस नावाडी ते अंतर मोडतही नाही. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडावर कैकर बसलेला असतो, 400 मिमीची लेन्स पूर्ण ताणलेली असते, आणि तरीही चौकटीचा बहुतेक भाग राखाडी पाण्यानेच व्यापलेला असतो. फुल फ्रेमवर टिपलेली ही छायाचित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर देखणी वाटत. घरी संगणकावर उघडली की कापाकापी सुरू होई. आधी थोडे पाणी काढावे, मग आणखी थोडे, आणि पक्षी मनासारखा मोठा दिसू लागेपर्यंत मूळ 24 मेगापिक्सेलपैकी सहाच्या आसपास उरलेले असत. कैकराच्या पिवळ्या डोळ्यातली काळी बाहुली गोल न राहता पायऱ्यापायऱ्यांची दिसे, आणि जे पाणी पूर्ण चौकटीत रेशमासारखे वाटले होते त्यात दाणे उठून दिसत. एखाद्या वेळी हे चालवून घेता आले असते. प्रत्येक वेळी तेच होऊ लागले, तेव्हा मला त्याचा कंटाळा आला. माझा निर्णय झाला तो या एका त्रासामुळे, बाकीची कारणे नंतर जोडली गेली.

या त्रासामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फोकल लेंग्थ (लेन्सचे मिमीमधले माप), अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड सारखे असतील, तर दोन्ही सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा मिलिमीटरमध्ये तेवढ्याच आकाराची पडते आणि तिच्यावर प्रकाशही तेवढाच पडतो. फुल फ्रेमचा जास्तीचा तीन-चतुर्थांश भाग या प्रसंगी केवळ पाणी टिपत असतो, आणि तोच आपण कापून टाकतो. मायक्रो फोर थर्ड्सच्या आकाराइतका तुकडा 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून काढला तर सव्वासहा मेगापिक्सेल मिळतात, 45 मधून काढला तर पावणेबारा. लहान सेन्सर त्याच जागेत 20 देतो. स्टुडिओत नेहमी निघणाऱ्या 12 × 18 इंची प्रिंटवर हा फरक हातभर अंतरावरून कळतो, निदान मला तरी कळला.

यावर फुल फ्रेमवाल्यांचे म्हणणे असे, आणि ते रास्त आहे, की मोठ्या सेन्सरला तशीच लांब लेन्स लावावी. 600 मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स लावली की पक्ष्याच्या प्रतिमेला मिळणारा एकूण प्रकाश खरोखरच वाढतो आणि दाण्यांच्या बाबतीत पारडे पुन्हा तिकडे झुकते. परंतु अशी लेन्स एकटीच दोन किलोंच्या घरात जाते, आणि हलत्या नावेत, जिथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, तिथे ती उडत्या सुरयामागे फिरवताना थोड्याच वेळात हात थरथरू लागतो. मायक्रो फोर थर्ड्सची 400 मिमीपर्यंतची झूम साधारण किलोभराची असते. जास्त प्रकाश आत घेणारी 600 मिमी एफ 4 लेन्स ही वेगळी गोष्ट आहे. तिची किंमत दहा लाखांच्या पुढे जात असल्याने ती या चर्चेत आणण्यात अर्थ नाही.

नॉइज कमी करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरने, विशेषतः 2023 मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या सोयीने, लहान सेन्सरची उणीव पुष्कळच झाकली आहे, जरी हात सैल सुटला तर पिसे प्लॅस्टिकची दिसू लागतात. ऊन चढल्यावर पाण्यावरच्या हवेची जी थरथर सुरू होते, तिच्यापुढे दोन्ही कॅमेरे सारखेच हतबल असतात.

ज्यांना निसर्गदृश्ये, लग्नसमारंभ आणि पक्षी हे सगळे एकाच कॅमेऱ्याने टिपायचे आहे, त्यांनी फुल फ्रेम घ्यावा, असेच मी म्हणेन. केवळ पक्ष्यांसाठी घेणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी आपल्या जुन्या छायाचित्रांपैकी मनापासून आवडलेली निवडून, त्यांची अंतिम रुंदी मूळ फाइलच्या किती उरली आहे ते पाहावे. ती बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर मोठ्या सेन्सरसाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा भाग पाण्याचे फोटो काढण्यातच जाईल. पुण्या-मुंबईत दोन्ही प्रकारचे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. शक्य असेल तर ते एकाच सकाळी, एकाच नावेत नेऊन पाहावेत.