मोलेजवळचं हाईड: पाच वाजेपर्यंत उठू नका

कोल्हापूरहून बेळगाव, रामनगर करत अनमोड घाट उतरले आणि एप्रिलच्या शेवटी दोन रात्री गोव्यातल्या मोलेजवळ एका घरगुती मुक्कामी राहिले. त्यांच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) मागे, भगवान महावीर अभयारण्याच्या जंगलाला लागूनच, फोटोवाल्यांसाठी हाईड आहे, म्हणजे पक्षी टिपायला लपून बसायची जागा. हिरवं जाळीचं कापड, प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि समोर पाण्याची उथळ दगडी डोणी. अर्ध्या दिवसाचे आठशे रुपये, चहा धरून.

दुपारी तीनला बसले. दीड तास नुसते बुलबुल. कंटाळून बॅग भरायला लागले, तर मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "बाये, मातशें राव." राहिले म्हणून बरं! पाचच्या आसपास आंघोळीची रांगच लागली. आधी नारिंगी डोक्याचा कस्तूर, गालावर दोन काळे पट्टे, अगदी तीट लावल्यासारखे. मग नीलपरीचं जोडपं. नराची निळी पाठ आणि लाल डोळा पाहून मी शटर दाबायचंच विसरले. त्यानंतर गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल. श्यामा सगळ्यात उशिरा आला, आणि माझ्या प्रत्येक फोटोत त्याची शेपटी फ्रेमबाहेर आहे.

उजेडाचं मात्र गणित कठीण. ४०० मिमीला माझी लेन्स एफ ५.६ च्या खाली उतरत नाही, म्हणजे याहून जास्त उजेड आत घेत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० करूनही शटर १/१२५ सेकंद, हलत्या पक्ष्यासाठी मंदच. ट्रायपॉडला जागा नाही, बीनबॅगवर भागवलं. फ्लॅशला इथे मनाई आहे, ते मला आवडलं.

सकाळी तांबडी सुर्लाला गेले. बाराव्या शतकातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, शेजारी नदी. उजाडायच्या आत शीळकरी कस्तूर सुरू झाला. शाळेला दांडी मारलेलं पोरगं चाल अर्धवट आठवून शीळ घालतंय, अशी ती शीळ. पाण्याच्या खळखळाटातूनही स्वच्छ ऐकू येते. पक्षी पाहिला तर काळाच वाटतो. उन्हाची तिरीप खांद्यावर पडली तेव्हा कुठे निळं चमकलं. एक्स्पोजर एक स्टॉप कमी ठेवा (म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर तो निळा धुऊन जातो.

सोबत दिलेल्या गाईडने मध्येच मोबाईलवर श्यामाचा आवाज वाजवला. विणीच्या दिवसांत, पक्षी बिथरतो अशाने! मी बंद करायला लावला, तो फुरंगटला. यासाठी रेटिंगमधला एक तारा कापतेय.

तांबडी सुर्लाच्या धबधब्याची धार एप्रिलमध्ये करंगळीएवढी होती. कुळेहून जीपने दूधसागर धबधबाही केला. ३१० मीटरचा कडा बघावा, पण त्या गलक्यात पक्ष्यांची आशा धरू नये.

जेवणात हुमण (माशाची आमटी) आणि रव्यातले बांगडे, सोलकढी हवी तितकी. खुर्चीवर घालायला उशी तेवढी घरून न्या.