एफवायच्या आधीची सुट्टी: बारावीची उजळणी की कॅल्क्युलस?

नाशिकच्या कॉलेज रोडवर सीईटीचे क्लास केलेल्या पोरांकडे सूत्रांचा साठा दांडगा असतो. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उडवायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. मग सवयच तशी लागते. त्यामुळे बी.एस्सी. फिजिक्सच्या आधी बारावीच पुन्हा घोटावी असं वाटणं साहजिक आहे. युनिट्स, व्हेक्टर, आलेख एवढ्यापुरती ती घोटा. आठवडा पुरे.

माझं झुकतं माप कॅल्क्युलसला. गंगापूर धरणावर १ किलोमीटर उंचीवरून पडणारा पावसाचा थेंब घ्या. पाठ असलेल्या सूत्राने त्याचा वेग येतो सेकंदाला १४० मीटर! असा पाऊस पडला तर छत्र्यांची चाळणीच व्हायची. प्रत्यक्षात मोठा थेंबही ९ मीटरच्या आसपासच राहतो. कारण वेगाबरोबर हवेचा विरोध वाढतो, त्वरण सतत बदलतं, आणि पाठ केलेली सूत्रं तर स्थिर त्वरणाची. इथे बलाचं समीकरण मांडून वेगाचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्वरण, शून्य धरला की अंतिम वेग हाती लागतो. त्याच्या अगदी जवळ पोचायला किती वेळ लागतो, हे मात्र इंटिग्रेशनच सांगतं.

बारावीत इंटिग्रेशन ऑप्शनला टाकलं असेल, तर सुट्टीची सुरुवात तिथूनच करा.