माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्यायचा असेल तर खानापूर स्टँडजवळचे टायपिंगवाले मामा

आमच्या गल्लीचं गटार कागदावर पुरं झालेलं, पावसाळ्यात पाणी मात्र उंबऱ्याला. तीन वेळा ऑफिसात जाऊन आले. 'साहेब नाहीत', 'बिल निघालंय, आता काही होत नाही.' शेवटी शेजारच्या वहिनीनं या मामांचं टेबल दाखवलं.

मी दोन पानं लिहून नेली होती, सगळा संताप त्यात. मामांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, 'का केलं नाही' असं विचारू नका. त्यांच्याकडं जो कागद आहे तो मागा." मग एस्टिमेट म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तकाच्या प्रती आणि बिल, एवढंच लिहिलं. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून पेन्सिलीनं शब्द मोजले. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. 2005 च्या कायद्यात तसं आहे. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली.

अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, म्हणून मामांनी कन्नडमध्ये टाइप केला. मला कन्नड वाचता येत नाही. न समजलेल्या कागदावर सही करायला हात धजेना. मामांनी ओळीवर बोट ठेवून सगळा मराठीत सांगितला, तेव्हाच सही केली. माझ्या मते त्यांच्या कामाची खरी किंमत इथं आहे.

कायद्यात 30 दिवस आहेत. पाकीट 27 व्या दिवशी आलं. तीन वेळा मला परत पाठवणाऱ्या ऑफिसाला सही-शिक्क्यासह उत्तर द्यावं लागलं. पाकीट हातात घेऊन मी उंबऱ्यावरच बसले. मोजमाप पुस्तकात गटाराची लांबी 60 मीटर. आम्ही चौघींनी टेप लावला, 38 भरले.

आता तक्रार. तक्रार-अर्ज राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, संविधानाच्या कलम 350 मध्ये तसं लिहिलंय. ही मामांनी मराठीत टाइप केली, मीटरचे दोन्ही आकडे वर ठळक.

अर्जाचे 80 रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. दुपारी एक ते तीन टेबल बंद असतं आणि उन्हात बसायला बाकडं नाही, तेवढं त्यांनी बघावं. जाताना जुने कागद सगळे न्या, झेरॉक्ससकट. मी मंगळवारी तक्रार द्यायला जाणार आहे, पोच घेऊनच परतेन.