शिष्टाचाराच्या कसोटीवर व्हॉट्सॲप ग्रुप

संदेश किती लवकर पोहोचतो आणि फोटो किती स्वच्छ दिसतो, याची परीक्षणे पुष्कळ झाली आहेत. येथे व्हॉट्सॲपच्या ग्रुप या सुविधेचा विचार एकाच अंगाने केला आहे. सोसायटीचे सभासद, शाळेतील पालक, भिशीमंडळ किंवा नातलग एका ठिकाणी जमले की चारचौघांत वावरण्याची रीत सांभाळायला ही सेवा कितपत हातभार लावते, हा प्रश्न आहे. माझ्या मते पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत, आणि त्यांतील मोठा वाटा इमोजीने प्रतिसाद देण्याच्या सोयीचा आहे.

ही सोय मे २०२२ मध्ये आली. त्यापूर्वी आमच्या सोसायटीत कोणाचे निधन झाले की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागत असे, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हा ज्याची सर्वांना गरज तोच संदेश त्या रांगेखाली गाडला जाई, आणि वर काय चालले आहे हे न पाहताच कोणीतरी मधेच दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक आणून ठेवी. आता मूळ संदेशावर बोट दाबून धरले की अंगठा, लाल बदाम, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, चकित चेहरा, अश्रू ढाळणारा चेहरा आणि जोडलेले हात अशी चिन्हे समोर येतात. हात जोडावेत, इतरांचा फोन वाजत नाही आणि मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. निधनाच्या बातमीवर अंगठा उंचावणारे महाभाग अजूनही भेटतात. मात्र हसरा आणि रडणारा चेहरा इतके जवळजवळ ठेवण्याचे कारण मला समजलेले नाही.

फॉरवर्डबाबत कंपनीने सक्तीचा मार्ग धरला. अफवांमुळे जमावाकडून हत्या होऊ लागल्यावर २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली, आणि अनेकदा फिरलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूणही असते. याने अफवेचा वेग कमी होतो, पण पहाटे गुलाबाच्या फुलावर लिहून येणाऱ्या सुविचाराला कोणताही अटकाव होत नाही, आणि त्या दुहेरी बाणाकडे पाहून हात आखडता घेणारा माणूस निदान माझ्या नातेवाइकांत तरी नाही.

ॲडमिनचे अधिकार हा सर्वांत नाजूक भाग आहे. फक्त ॲडमिननेच लिहावे अशी व्यवस्था करता येते; पाणीकपातीच्या किंवा सर्वसाधारण सभेच्या सूचनेसाठी ती उत्तम, गप्पांसाठी अर्थातच निरुपयोगी. दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याचा अधिकारही ॲडमिनला आता मिळाला आहे, मात्र त्या जागी तो कोणी काढला हे नावानिशी दिसते, त्यामुळे चिटणीसांना पुढील वाद जिन्यात उभे राहून निस्तरावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यामुळे ॲडमिन होण्यास कचरणाऱ्यांना थोडा धीर येण्यास हरकत नाही.

लिहिलेले पंधरा मिनिटांत दुरुस्त करण्याची सोय २०२३ पासून आहे आणि ती पुसून टाकण्यापेक्षा केव्हाही बरी, कारण पुसलेल्या संदेशाची खूण मागे राहते आणि ‘काय होते हो?’ अशी विचारणा लगेच सुरू होते.

निरोप न घेता उठून जाणे एरवी असभ्य मानले जाते. येथे मात्र तीच सभ्यता आहे. ऑगस्ट २०२२ पासून ग्रुप सोडल्याची वर्दी फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे ‘अमुक यांनी ग्रुप सोडला’ या ओळीवरून होणारे रुसवेफुगवे टळले. अर्थात, गेल्या साठ दिवसांत कोण गेले याची यादी चिकाटीने शोधणाऱ्याला सापडतेच.

दीड गुण कापण्याचे मुख्य कारण प्रवेशाच्या दारात आहे. कोणी आपल्याला ग्रुपमध्ये घ्यावे, हे ठरवण्याची सोय प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये २०१९ पासून आहे, परंतु आपण होऊन ती बदलेपर्यंत ‘सर्वजण’ हाच पर्याय लागू असतो. त्यामुळे ज्याच्याकडे आपला नंबर आहे तो प्लॉटविक्रीच्या ग्रुपातही आपल्याला न विचारता बसवू शकतो, आणि ज्येष्ठ नागरिकांपैकी बहुतेकांना असे सेटिंग असते हेच ठाऊक नसते. मुळातच ‘माझे संपर्क’ हा पर्याय ठेवून ज्याला हवे त्याने दार उघडावे, अशी व्यवस्था झाली तर हे परीक्षण मी आनंदाने बदलेन.